बोगोमिलचा एकपानी बायोडेटा

रायनाबाई राचेवांनी चष्मा चढवला, तांबडी पेन्सिल उचलली आणि मुलाने लिहिलेल्या बायोडेटाच्या कोपऱ्यात ठसठशीत आकडा घातला : दोन. त्रोयान गावच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षे शिकवले होते, त्यांतली चौदा मुख्याध्यापिका म्हणून. सहा म्हणजे उत्तम आणि दोन म्हणजे नापास, ही गोष्ट गावातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला त्यांच्याच पेन्सिलीने शिकवली होती. बाईंना निवृत्त होऊन वीस वर्षे लोटली. पेन्सिल अद्याप सेवेत होती.

"काय चुकलं?" बोगोमिलने विचारले. त्याचे वय बावन्न, उंची दारातून वाकून यावे इतकी आणि बोलणे दिवसाकाठी दहा वाक्यांच्या आत.

"चुकायला आधी काहीतरी लिहावं लागतं, बाळा. वाच. मोठ्यांदा."

"बोगोमिल राचेव. भट्टीवर होतो. एकतीस वर्षं. फोन खाली दिलाय."

"आणि खाली कुठंय तो फोन?"

बोगोमिलने कागद उलटून पाहिला. "राहिला वाटतं," तो म्हणाला आणि चुलीपाशी जाऊन कॉफीचे भांडे पुसू लागला.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मातीची भांडी भाजणारा गावातला कारखाना मार्चअखेरीस बंद पडला होता. टेकडीवर गरम पाण्याच्या झऱ्यापाशी जे नवे हॉटेल उभे राहिले होते, तिथे बॉयलरखान्याला प्रमुख हवा होता. बुधवारपर्यंत फोटोसहित एक पान पाठवावे, गुरुवारी बारा वाजता भेटायला यावे, असे तिथल्या व्यवस्थापिकाबाईंनी फोनवर सांगितले होते. आणि हे नाही जमले, तर शुक्रवारी सकाळी जर्मनीला जाणाऱ्या गाडीत बोगोमिलने आपले नाव घालून ठेवले होते. तिकडे कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात माणसे हवी होती. शेजारीण कुना, तिचा मुलगा असाच सहा महिन्यांसाठी गेला होता. त्याला आता नववे वर्ष लागले होते.

"जायचं तर खुशाल जा," रायनाबाई म्हणाल्या होत्या, आणि त्यानंतर अर्धा तास एकच चमचा घासत बसल्या होत्या.

सोमवारी दुपारी त्यांनी स्वतः लेखणी हाती घेतली. संध्याकाळपर्यंत चार पाने झाली. त्यांत बोगोमिलच्या आजोबांनी बांधलेला पूल आला, इयत्ता सातवीतले भूमितीचे प्रशस्तिपत्र आले, एकतीस वर्षांत भट्टीवरून एकही रजा न घेतल्याचा उल्लेख आला. 'शांत, कष्टाळू, कुणाचे मन न दुखावणारा, थंडीच्या दिवसांत कुणाच्याही घरात धूर कोंडू न देणारा' हे वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचले आणि स्वतःवर खूश झाल्या. 'अविवाहित' या शब्दापुढे 'यात त्याचा दोष नाही' अशीही पुस्ती जोडली. एकच गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे विचार करून वगळली. आठवीत असताना बोगोमिलने गणिताच्या बाईंना वाढदिवसाला चार कार्नेशन नेऊन दिली होती. जित्या माणसाला विषम फुले द्यावीत, सम फुले मेलेल्याला, हे लहान पोरालाही ठाऊक असते. त्या बाई आठवडाभर रजेवर गेल्या होत्या. नोकरीच्या अर्जात अशी गोष्ट असू नये.

"एक पान म्हणालेत ते," बोगोमिलने आठवण करून दिली.

"ते छापणारा बघेल. तू जा, मावशीच्या घराची चिमणी साफ करून ये. आणि गुरुवारी सकाळी वेळेवर ये."

मावशीचे गाव डोंगरात होते आणि तिथे फोन लागत नसे. बोगोमिल मंगळवारी पहाटेच गेला.

त्याच सकाळी रायनाबाई आस्पारुखच्या दुकानी पोचल्या. नवरा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, त्या काळ्याच कपड्यांत असत. हातात चार पाने, हॉटेलचा पत्ता घातलेला लिफाफा आणि बोगोमिलचा फोटो. फोटो मामेभावाच्या लग्नातला होता. काळा सूट, ओठ मिटलेले, नजर दूर कुठेतरी लागलेली. कारण फोटो काढताना वऱ्हाडातला एकजण गाडी मागे घेत होता आणि तिथे कुंडी आहे हे एकट्या बोगोमिललाच दिसत होते.

आता आस्पारुखविषयी सांगणे भाग आहे. चर्चच्या कोपऱ्यावरचे त्याचे छपाईचे दुकान नावाला सगळे छापत असे, लग्नपत्रिका, कपांवरची चित्रे, दुकानांच्या पाट्या. पण गावातली तरुण माणसे बाहेरदेशी गेलेली आणि मागे राहिलेली वयाने पिकलेली. त्यामुळे दुकान चालत होते ते निधनाच्या पत्रकांवर. वर फोटो, खाली नाव आणि चार ओळी, भोवती काळी चौकट. अशी पत्रके दारावर, झाडांवर, बसथांब्यावर, बँकेच्या भिंतीवर डकवायची, ही तिथली रीत. आस्पारुखच्या वडिलांनी मरताना त्याला धंद्याचा एकच नियम सांगून ठेवला होता : काळ्या कपड्यातली बाई पुरुषाचा फोटो घेऊन आली की काही विचारायचे नाही. तिला सांगावेसे वाटले तर ती सांगेल.

शिवाय तो रायनाबाईंचा विद्यार्थी होता, आणि बाईंना प्रश्न विचारायची हिंमत त्याला तिसरीतही झाली नव्हती.

त्याने फोटो पाहिला. त्याच्या हातातला चहाचा पेला टेबलावर कलंडला. तो पुढे आला आणि त्याने बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला, बराच वेळ.

गुरुजनांचा असा मान आता कोण ठेवतो, असे रायनाबाईंच्या मनात आले.

"बोगोमिलचा आहे," त्या म्हणाल्या.

"दिसलं, बाई." त्याने फोटो बाहीने पुसला. "आम्ही एकाच बाकावर होतो."

"मग तुला काय सांगायचं! चार पानं आहेत, त्याचं एक पान कर. काय काढायचं ते काढ, पण धुराचं वाक्य राहू दे."

आस्पारुखने उभ्याउभ्याच वाचायला घेतले. दुसऱ्या पानावर त्याने नाक पुसले. तिसऱ्यावर तो खाली बसला.

"कधी आहे, बाई?"

"गुरुवारी. अकराला घरून निघायचं. टेकडीच्याच रस्त्यानं, पायी."

गावाची स्मशानभूमी टेकडीच्याच रस्त्यावर होती. आस्पारुखने मान हलवली आणि लिहून घेतले.

"किती काढू?"

"ते मी तुला सांगायचं? धंदा तुझा. नेहमी लागतात तेवढ्या काढ. त्यातली एक या लिफाफ्यात घाल आणि हॉटेलची गाडी तुझ्या दारावरून जाते तिच्यात देऊन टाक."

"सगळं करतो. तुम्ही कशाचीही काळजी करू नका. लावायचंही मीच बघतो."

यातले 'लावायचं' म्हणजे काय, हे रायनाबाईंना कळले नाही. परंतु शिक्षकाने विद्यार्थ्यापुढे कधी 'कळले नाही' म्हणायचे नसते, हे तत्त्व त्यांनी बत्तीस वर्षे पाळले होते.

अर्ध्या तासात मजकूर यंत्रातून बाहेर आला. आस्पारुखने पहिली प्रत बाईंसमोर धरली, आणि त्याच क्षणी बाईंच्या ध्यानात आले की चष्मा घरी खिडकीत राहिला आहे. हे कबूल करण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मान किंचित मागे घेतली. फोटो दिसला. मोठ्या अक्षरांतले नाव दिसले. वर एक नाजूकशी डहाळी दिसली; बाई देवधर्म न मानणाऱ्या जुन्या राजवटीतल्या शिक्षिका, म्हणून आस्पारुखने विचार करून क्रूसाऐवजी डहाळी घातली होती. बाकी मजकूर म्हणजे मुंग्यांची रांग. परंतु चहूबाजूंनी आखलेली सरळ, काळी रेघ मात्र अगदी स्वच्छ दिसत होती.

"समास आखलास!" रायनाबाईंनी टेबलावर थाप मारली. "जन्मभर घसा फोडून सांगितलं पोरांना, समास आखा, समास आखा. एकानं तरी ऐकलं. शाब्बास, आस्पारुख."

त्यांनी पर्स उघडली, तर आस्पारुखने ती हलकेच मिटली. "लाजवू नका, बाई. बोगोमिलसाठी एवढंही नको करायला?"

संध्याकाळपर्यंत गावात चाळीस पत्रके लागली. बेकरीच्या दारावर, औषधांच्या दुकानाशेजारी, नगरपालिकेच्या फळ्यावर, आणि शेवटचे रायनाबाईंच्या फाटकावर, बाहेरच्या अंगाने.

बाई मात्र बुधवारचा सबंध दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. काळ्या सुटाला इस्त्री करायची होती, बूट चमकवायचे होते. दुपारी कुनाचा फोन आला.

"रायना, कशी आहेस गं?"

"कशी असायची? सुटाला इस्त्री करतेय."

पलीकडून हुंदक्यासारखे काहीतरी ऐकू आले. "किती गं धीराची तू! मी असते तर कोलमडून पडले असते."

"यात कोलमडायचं काय? वेळ येतेच प्रत्येकावर. नीट कपडे घालून पाठवायचं, आपल्या हातात एवढंच."

"हो गं बाई, हो. हे बघ, उद्या आम्ही सगळे येतोय. अख्खी गल्ली."

"अख्खी गल्ली कशाला? जायचंय त्याला एकट्याला."

कुनाने जोरात नाक ओढले. मग ती म्हणाली, "तरी पण. अशा दिवशी तू एकटी नको. आणि साठ माणसांचं खायचं मी बघते, तू त्यात पडू नकोस."

रायनाबाईंनी फोन ठेवला आणि क्षणभर विचार केला. एका बॉयलरखान्यासाठी साठ माणसांचे खाणे म्हणजे जरा अतीच होते. पण कुनाचा मुलगा परदेशी अडकलेला. दुसऱ्याच्या मुलाने गावात राहावे म्हणून ती बिचारी जीव टाकत असेल. माणसाने माणसाचे चांगले चिंतावे. आपण उगाच तिला वाईट शेजारीण म्हणत आलो, असे वाटून बाईंना थोडे अपराधीही वाटले.

गुरुवारी सकाळी साडेनऊला बोगोमिल मागच्या बाजूने, नदीकडच्या कुंपणातून आला. मावशीच्या शेजाऱ्याच्या व्हॅनने त्याला तिथेच सोडले होते. काजळीने तो कोळशासारखा काळा झाला होता. त्याने अंगणातल्या नळाखाली डोके धरले. समोरच्या घराच्या खिडकीत उभ्या असलेल्या मिंचो आजोबांनी ते दृश्य पाहिले, शांतपणे खिडकी लावून घेतली आणि हातातली प्लमची दारू कुंडीत ओतून टाकली.

पावणेअकराला बोगोमिल आरशासमोर टाय बांधत होता आणि रायनाबाई तांब्याची कळशी घेऊन फाटकाच्या आत उभ्या होत्या. कळशीत पाणी होते, पाण्यात हिरवी डहाळी. परीक्षेला, नव्या कामाला माणूस निघाला की त्याच्या वाटेवर पाणी ओतायचे, म्हणजे काम पाण्यासारखे पुढे वाहते. सर्व जगाशी बाई नियमाने वागत. या एका बाबतीत त्या भाबड्या होत्या.

फाटकापलीकडे माणसे जमू लागली होती. आवाज स्पष्ट ऐकू येत होते.

"असा माणूस पुन्हा व्हायचा नाही," कुणी पुरुष म्हणाला.

बॉयलरखान्याच्या मानाने हे थोडे मोठे विधान होते, पण त्यात खोटे काय होते? रायनाबाईंनी मान ताठ केली.

"नाताळच्या दिवशी माझा बॉयलर बंद पडला," औषधांच्या दुकानातली बाई सांगत होती. "घरात तान्हं पोर. एक फोन केला, तर भरल्या ताटावरून उठून आला. चार तास गुडघ्यावर बसून होता."

रायनाबाईंनी कान फाटकाला लावला. नाताळला बोगोमिल सूप अर्धे टाकून जो उठला तो संध्याकाळीच परतला होता. दारू प्यायला गेला असेल असे धरून त्यांनी नववर्षापर्यंत त्याच्याशी अबोला धरला होता. आणि त्याने तोंडातून अवाक्षर काढले नव्हते.

"माझा ओव्हन तर तीन वेळा," बेकरीवाला म्हणाला. "पैसे देऊ केले तर म्हणायचा, पाव दे. ताजा दिला तर म्हणायचा, कालचा नाही का?"

"माझं ड्रिल आहे त्याच्याकडे," तिसरा कुणी हळूच म्हणाला. "आज विषय काढला तर बरं दिसेल का?"

"जरा लाज बाळगा!"

"मग आता मागू कुणाकडे?"

"मला तर कुणी कळवलंसुद्धा नाही," हा आवाज नव्या पाद्रीबाबांचा. "रस्त्यावर वाचून यावं लागलं."

बॉयलरच्या नोकरीसाठी पाद्र्याला कळवायचे असते, हे रायनाबाईंना नवीनच होते. या तरुण पाद्र्याला सगळीकडे नाक खुपसायची सवय आहे, हे त्यांचे जुने मत पक्के झाले.

बोगोमिल मागे येऊन उभा राहिला. "बाहेर एवढी माणसं कशाला?"

"तुला निरोप द्यायला." रायनाबाईंनी त्याचा टाय सरळ केला, आणि मग, त्यांच्या स्वभावात नसताना, त्याच्या गालावरून हात फिरवला. "सूप गार झालं होतं नाताळचं."

"हं?"

"काही नाही. ताठ चाल. आणि विचारलं तर बोल. एका प्रश्नाला निदान दोन वाक्यं."

चर्चच्या घड्याळात अकराचा पहिला ठोका पडला आणि रायनाबाईंनी फाटक उघडले.

बोगोमिल वाकून बाहेर आला, सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार. सगळे आलात? बरं वाटलं."

उरलेले दहा ठोके कुणीही ऐकले नाहीत. कुनाच्या हातातले, मयताला वाटायच्या उकडलेल्या गव्हाचे पातेले खाली आपटले. साखर आणि अक्रोड लावलेला गहू रस्ताभर पसरला. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडले, मिटले, पुन्हा उघडले. ड्रिलवाला तेवढा आनंदाने एक पाऊल पुढे सरकला.

"मी साडेनऊलाच पाहिला होता नळावर," मिंचो आजोबा रागारागाने म्हणाले. "बोललो नाही. म्हटलं, तुम्ही म्हणाल, म्हातारा सकाळीच चढवून आलाय. चांगली दारू गेली माझी!"

रायनाबाई कळशी धरून उंबऱ्यात उभ्या होत्या. साठ माणसे, साठ चेहरे आणि हाताहातांत फुले. शिक्षिकेची सवय; त्यांनी नकळत मोजली. बेकरीवाल्याकडे दोन. कुनाच्या काखेत चार. औषधवालीकडे दोन. मागे उंच टाचांच्या बुटांतल्या कुणा अनोळखी बाईकडे सहा. एकही विषम नाही.

त्या सावकाश वळल्या. फाटकावर त्यांचा मुलगा काळ्या चौकटीतून दूर कुठेतरी पाहत होता.

"कुना, तुझा चष्मा दे."

चष्मा आला. बाईंनी वाचायला सुरुवात केली. सबंध रस्ता श्वास रोखून उभा होता. तिथल्या निम्म्यांनी आपापल्या वह्या तपासल्या जात असताना असाच श्वास रोखला होता.

"आस्पारुख," शेवटी त्या म्हणाल्या. "पुढे ये."

गर्दीतून आस्पारुख आला. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने हात आपोआप पाठीमागे घेतले होते.

"हे काय आहे?"

"बाई, तुम्ही काळ्यात आलात... फोटो दिलात... गुरुवार, टेकडीचा रस्ता..."

"मी अकरा वर्षं काळ्यात आहे. तू तोंडानं विचारायचं नाहीस?"

"तुम्हाला?" आस्पारुख म्हणाला. त्या एका शब्दात तिसरी ते आठवी असा सगळा प्रवास होता, आणि गर्दीतल्या अनेक माना त्याच्या बाजूने हलल्या.

"आणि तुम्ही पहिली प्रत पाहिलीत, बाई. 'शाब्बास' म्हणालात."

रायनाबाईंनी कुनाचा चष्मा नाकावर पुन्हा सरळ केला. चष्मा घरी राहिला होता, हे साठ माणसांसमोर सांगण्यापेक्षा मुलगा मेला होता हे सांगणे एक वेळ सोपे गेले असते.

"भूमितीचं प्रशस्तिपत्र गाळलंस," त्या एवढेच म्हणाल्या.

दरम्यान बोगोमिलने पत्रक वाचून संपवले होते. "चांगलं लिहिलंय," तो म्हणाला. "एका पानात बसलं पण."

तेवढ्यात रायनाबाईंच्या मनात वीज चमकल्यासारखे झाले. लिफाफा! तो याच चौकटीसह हॉटेलात जाऊन पडला होता. आज बारा वाजता तिथे एका मेलेल्या माणसाची वाट कोण पाहत बसणार? आणि उद्या शुक्रवार. जर्मनीची गाडी सातला निघणार. साठ माणसांत, हातात कळशी घेऊन, रायनाबाई राचेवांनी जन्मात पहिल्यांदा फाटकाचा आधार घेतला.

"आई, खाली बसतेस का?" बोगोमिलने त्यांचा दंड धरला.

"मी कशाला बसू? तू धावत जा. वर जाऊन सांग त्यांना, जिवंत आहे म्हणून!"

"त्याची गरज नाही," मागून आवाज आला. उंच टाचांची ती अनोळखी बाई गहू चुकवत चुकवत पुढे आली. वयाने चाळिशीच्या आसपास, हातात ती सहा पांढरी कार्नेशन. "मी गेर्गानोवा. हॉटेलची व्यवस्थापिका. तुमचा अर्ज काल मिळाला."

पाद्रीबाबांनी पुस्तक काखेत मारले.

"एकेचाळीस बायोडेटा आले माझ्याकडे," गेर्गानोवा मॅडम सांगू लागल्या. "सगळे उत्साही, सगळ्यांच्या अंगात नेतृत्वगुण, सगळ्यांना आव्हानं आवडतात. काल दुपारी हा उघडला. म्हटलं, एकेचाळीसांत कामाचा माणूस एकच निघाला, आणि नेमका तोच गेला. वाईट वाटलं, म्हणून फुलं घेऊन आले. पाव तास इथं उभी राहून ऐकतेय." त्या बोगोमिलकडे वळल्या. "ते धुराचं खरं आहे?"

"हो," बोगोमिल म्हणाला. आईने मागून कोपर मारले. "चिमणीवर अवलंबून असतं," त्याने दुसरे वाक्य जोडले.

"आमचा दोन नंबरचा बॉयलर पहाटे शिट्टी मारतो. चार कंपन्यांची माणसं येऊन गेली. पाहुणे खोल्या सोडून जातात."

बोगोमिलने थोडा विचार केला. "शिट्टी बारीक की जाड?"

"बारीक."

"मग बॉयलर चांगला आहे. पाणी खराब आहे. नळीत चुना धरलाय. अर्ध्या दिवसाचं काम." तो थांबला. चार वाक्ये एकदम बोलल्याने त्याचे त्यालाच नवल वाटले असावे. "पण भेट बाराला आहे ना? अजून वेळ आहे."

गेर्गानोवा मॅडमनी हातातल्या फुलांकडे पाहिले. मग त्यांनी त्यातले एक कार्नेशन देठाला धरून अलगद ओढून काढले आणि उरलेली पाच बोगोमिलपुढे धरली.

"सोमवारी सातला या," त्या म्हणाल्या. "जिवंत."

गर्दीतून जो आवाज उठला, तो त्या रस्त्यावर कुठल्याही लग्नात उठला नसेल. बघता बघता प्रत्येकजण आपल्या जुडीतले एक एक फूल काढू लागला; पाद्रीबाबांनीसुद्धा. बाजूला काढलेली ती सगळी एकेकटी फुले कुठे ठेवायची ते कुणाला कळेना, म्हणून ती रायनाबाईंच्या कळशीत टाकण्यात आली. बाईंनी ती टाकू दिली. त्यांचा चेहरा कडकच होता. फक्त कुनाचा चष्मा त्यांनी परत केला नव्हता, आणि त्याच्या काचा आतून ओल्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला बोगोमिल चौकात गेला, गाडीवाल्याला येत नाही म्हणून सांगायला. वीस मिनिटांत परत आला.

"काय म्हणाला?" रायनाबाईंनी विचारले. त्या पाचपासून खिडकीत होत्या.

"मला बघून आधी गाडीत जाऊन बसला. काच वर केली." बोगोमिलने बूट काढले. "बुधवारीच नाव खोडलं म्हणे. बसथांब्यावर वाचलं आणि जागा दुसऱ्याला देऊन टाकली. जायचं म्हटलं असतं तरी गाडीत जागा नव्हती."

रायनाबाई चुलीपाशी गेल्या. त्यांनी त्याच्यापुढे सुपाचा वाडगा ठेवला, सकाळचे सात वाजले होते तरी. सूप वाफाळत होते. "संपवून ऊठ," त्या म्हणाल्या, "मग कुणाचाही बॉयलर बंद पडो."

पत्रके पुढे कितीतरी दिवस गावात तशीच होती. चिकटवलेले पत्रक हाताने फाडू नये, ऊनपावसाने जाईल तेव्हा जावे, अशी तिथली समजूत. त्यामुळे बोगोमिल रोज सकाळी स्वतःच्या बारा छायाचित्रांसमोरून कामावर जाई, आणि बसथांब्यापाशी त्याला पाहून परगावचा एखादा माणूस दचके. दोन नंबरचा बॉयलर गप्प झाला. ड्रिल परत गेले.

फाटकावरचे पत्रक मात्र गुरुवारी दुपारीच रायनाबाईंनी उतरवून घेतले होते, कडा न फाटू देता, कोमट पाण्याने. ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून त्यांनी स्वतःचा चष्मा चढवला होता आणि तांबडी पेन्सिल उचलली होती. तो कागद आजही त्यांच्या खणात आहे. कोपऱ्यात गोलगोल अक्षरांत लिहिले आहे : 'समास : सहा. मजकूर : सहा. वस्तुस्थिती : दोन. पुन्हा असे करू नये.'

आणि त्याखाली जन्मात कुणाच्याही वहीवर त्यांनी न लिहिलेली एक ओळ आहे : 'तपासणाऱ्याचा चष्मा घरी होता.'